निळ्या रेषेचा वारसा : डेन्मार्कमधील हस्तचित्रित चिनी मातीची भांडी

(ग्रामीण हस्तव्यवसायांविषयीच्या एका शिबिरात केलेल्या भाषणाचा मजकूर)



गेले दोन दिवस या शिबिरात आपण हातमाग, वेतकाम, कुंभारकाम अशा आपल्याकडील व्यवसायांचा विचार करीत आहोत. समारोपापूर्वी मी दूरच्या एका देशाची हकीकत सांगावी, अशी संयोजकांची इच्छा आहे. तो देश म्हणजे डेन्मार्क. क्षेत्रफळाने तो महाराष्ट्राच्या साधारण सातव्या हिश्श्याएवढा असून त्याची लोकसंख्या साठ लाखांच्या आसपास आहे. लोखंडाच्या वा कोळशाच्या मोठ्या खाणी तेथे नाहीत. असे असूनही या लहानशा देशाने जेवणाच्या ताटवाट्यांवर हाताने चित्रे काढण्याची एक कला अडीचशे वर्षे चालू ठेवली आहे. ती कशी टिकली, आणि टिकविताना तिने काय गमावले, हे दोन्ही आपण पाहू.

माझ्या हातातील ही बशी एका स्नेह्याने मला दिलेली आहे. पांढऱ्याशुभ्र पृष्ठभागावर निळ्या रंगातील फुले आणि वेलबुट्टी आपल्याला दिसतच आहे. पण मी ती उलटी करून दाखवितो. मागील बाजूस एक मुकुट आहे, त्याच्याबरोबर नागमोडी अशा तीन निळ्या रेषा आहेत आणि जवळच कुंचल्याने काढलेली एक बारीकशी खूण आहे. मुकुट राजघराण्याचा. तीन रेषा म्हणजे ओरेसुंड, मोठा बेल्ट आणि छोटा बेल्ट या डेन्मार्कच्या तीन सामुद्रधुनी. ती बारीक खूण मात्र ज्या व्यक्तीने ही बशी रंगविली तिची आहे. राजाची खूण आणि कारागिराची खूण एकाच बशीच्या पाठीवर नांदत आहेत. माझ्या आजच्या भाषणाचा विषय खरे म्हणजे ती बारीक खूणच आहे.

तरंगंबाडीमार्गे एक जुना धागा

डेन्मार्क आपल्याला वाटतो तितका परका नाही. १६२० मध्ये डेन्मार्कच्या लोकांनी तंजावरच्या नायक राजाशी करार करून समुद्रकाठच्या तरंगंबाडी येथे वखार घातली. सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात तंजावरची गादी व्यंकोजीराजे भोसले यांच्याकडे आली. तेव्हापासून डेन्मार्कच्या व्यापाऱ्यांचे व्यवहार मराठी राज्यकर्त्यांशी होऊ लागले. १८४५ मध्ये तरंगंबाडी इंग्रजांना विकले गेले. दुसऱ्या सरफोजीराजांचे गुरू श्वार्ट्झ हे मूळचे जर्मन. तेही १७५० मध्ये प्रथम तरंगंबाडीच्या मिशनमध्येच आले होते.

योहान गेरहार्ड कोनिग नावाचे एक वनस्पतिशास्त्रज्ञ १७६८ मध्ये तरंगंबाडीस वैद्य म्हणून दाखल झाले. त्यापूर्वी त्यांनी डेन्मार्कच्या ‘फ्लोरा डॅनिका’ या वनस्पतिग्रंथासाठी आइसलँडमध्ये हिंडून झाडेझुडपे गोळा केली होती. हाच ग्रंथ पुढे जगातील एका अतिशय प्रसिद्ध भोजनसंचाचा आधार ठरला. त्याकडे मी थोड्या वेळाने येतो.

चिनी मातीचे रहस्य

आपण आजही कपबशीला ‘चिनी मातीची’ म्हणतो. या एका शब्दात मोठा इतिहास आहे. पातळ, पांढरी आणि उजेडासमोर धरली असता किंचित पारदर्शक दिसणारी भांडी कशी करावीत, हे शतकानुशतके चीनलाच ठाऊक होते. युरोपातील राजेरजवाडे त्यासाठी भरमसाट पैसा मोजीत. १७३२ मध्ये स्थापन झालेल्या डेन्मार्कच्या आशियाई कंपनीची जहाजे कँटन बंदरातून चहाबरोबर ही भांडीही कोपनहेगनला नेत असत. जर्मनीतील माइसेन येथे अठराव्या शतकाच्या आरंभी हे रहस्य उलगडले. तेथील राजाने ते कडेकोट बंदोबस्तात ठेवले.

डेन्मार्कमध्ये फ्रान्त्स हाइन्रिख म्यूलर या रसायनशास्त्रज्ञाने अनेक प्रयोगांनंतर हे तंत्र साध्य केले. चिनी मातीच्या भांड्यांसाठी केओलिन म्हणजे शुद्ध पांढरी माती, फेल्स्पार आणि गारगोटीची भुकटी लागते. बाल्टिक समुद्रातील बॉर्नहोल्म बेटावर केओलिन सापडलेले होते. १७७५ मध्ये कोपनहेगनमधील टपाल कचेरीच्या जुन्या इमारतीत कारखाना सुरू झाला. राजमाता युलियाने मारी यांनी त्याला आश्रय दिला आणि म्यूलर यांना पन्नास वर्षांचा एकाधिकार मिळाला. सुरुवातीस धंदा तोट्यात गेला. तेव्हा १७७९ मध्ये राजा सातवा ख्रिश्चन याने कारखान्याचा आर्थिक भार आपल्याकडे घेतला. पुढे ‘रॉयल कोपनहेगन’ या नावाने जगभर गेलेला कारखाना तो हाच.

कुंचल्याचे १,१९७ फटकारे

या कारखान्याच्या यादीतील पहिल्या क्रमांकाचा नमुना म्हणजे माझ्या हातातील हा निळा नमुना. त्यातील फुलांचे मूळ चिनी आहे आणि ती माइसेनमार्गे डेन्मार्कमध्ये आली. भांड्याच्या अंगावर शिंपल्यासारख्या उभ्या पन्हळी असतात, म्हणून डॅनिश भाषेत या नमुन्याच्या नावात शिंपल्याचा उल्लेख आहे. पन्हळी केवळ शोभेच्या नाहीत. रांगोळी काढताना आपल्या भगिनी आधी ठिपके घालून घेतात. तसाच येथे पन्हळींचा उपयोग होतो. कोणती पाकळी कोठे संपावी आणि वेल कोठे वळावी, हे त्या सांगतात.

कामाची रीत समजून घेण्यासारखी आहे. मळलेल्या मातीचे भांडे साच्यात घडवितात, वाळवितात आणि एकदा भाजतात. या पहिल्या भाजणीनंतर ते कोरे व सच्छिद्र असते आणि टीपकागदाप्रमाणे ओल शोषून घेते. अशा पृष्ठभागावर कोबाल्टच्या रंगाने चित्र काढावयाचे असते. कुंचला टेकताक्षणी रंग आत मुरतो. चुकलेली रेषा सहजी पुसता येत नाही. हात थबकला तर डाग पडतो आणि घाई झाली तर रेषा तुटते. शिवाय कोबाल्टचा रंग भाजण्यापूर्वी मंद व काळपट असतो. आपण काढीत असलेला निळा रंग कारागिराला त्या क्षणी डोळ्यांना दिसतच नाही, तो मनात ठेवूनच काम करावे लागते. त्यानंतर भांडे झिलईच्या द्रावणात बुडवितात. झिलईचा पांढरा थर सगळे चित्र झाकून टाकतो. मग सुमारे १,४०० अंश सेल्सिअस उष्णतेच्या भट्टीत दुसरी भाजणी होते. झिलई वितळून काचेसारखी स्वच्छ होते आणि तिच्याखाली निळे चित्र प्रकट होते. या उष्णतेत बहुतेक रंग नष्ट होतात, कोबाल्ट टिकतो. चीनपासून डेन्मार्कपर्यंत निळ्या रंगाचे जे राज्य दिसते, त्याचे कारण हेच आहे. हा रंग झिलईच्या आत बंद असल्यामुळे रोजच्या घासण्याधुण्याने जात नाही.

कारखान्याने दिलेल्या हिशोबाप्रमाणे या नमुन्यातील जेवणाच्या एका ताटावर कुंचल्याचे १,१९७ फटकारे असतात. छाप मारून हे काम क्षणात होऊ शकले असते. तसे केले गेले नाही. शिकाऊ कारागिराला येथे चार वर्षे उमेदवारी करावी लागत असे. निळे रंगकाम करणाऱ्यांत स्त्रियांची संख्या मोठी होती आणि कित्येकींनी सारे आयुष्य या कामात घालविले. नमुना एकच, पण जाणत्या माणसाला दोन ताटांतील हात वेगळा ओळखता येतो. एकीची पाकळी किंचित भरीव, तर दुसरीची रेषा किंचित सडपातळ. म्हणूनच पाठीवरच्या त्या खुणेला अर्थ आहे.

राजाच्या पंगतीला रानगवत

आता फ्लोरा डॅनिकाविषयी. १७६१ मध्ये गेऑर्ग ख्रिश्चन ओडर या शास्त्रज्ञाच्या देखरेखीखाली डेन्मार्कच्या राजाच्या अमलाखालील सर्व वनस्पतींची चित्रे प्रसिद्ध करण्याचा प्रकल्प सुरू झाला. तो पूर्ण व्हावयास १८८३ साल उजाडले. एकशे बावीस वर्षांत ३,२४० ताम्रपट छापले गेले. आपल्या भूमीतील उपयुक्त वनस्पतींचे ज्ञान लोकांना व्हावे, हा त्यामागील एक हेतू होता.

१७९० मध्ये या ग्रंथातील चित्रांवरून एक भोजनसंच तयार करण्याची आज्ञा झाली. तो रशियाची सम्राज्ञी कॅथरिन हिला भेट द्यावयाचा होता, असे परंपरेने सांगितले जाते. सम्राज्ञी १७९६ मध्ये निवर्तली, पण काम चालूच राहिले. ते १८०२ मध्ये थांबविण्यात आले, तेव्हा १,८०२ नग तयार झाले होते. जवळजवळ सर्व चित्रे योहान क्रिस्टॉफ बायर या एकाच चित्रकाराच्या हातची आहेत. बारा वर्षे तो मुळे, तंतू, पाने आणि परागकोश बारकाईने रंगवीत बसला. या कामात त्याची दृष्टी अधू झाली, असे सांगतात. हे बहुरंगी काम झिलईच्या वर केले जाते आणि रंग पक्के करण्यासाठी भांडे पुन्हा कमी उष्णतेवर भाजावे लागते.

या संचाचा विशेष असा की, त्यात गुलाब-कमळांसारखी मानाची फुलेच तेवढी नाहीत. गवत आहे, शेवाळ आहे, कुत्र्याच्या छत्रीसारखी बुरशी आहे, शेतकरी उपटून फेकतो ते तण आहे. झाड मुळासकट काढलेले आहे. ते ताटात मावत नसेल तर त्याची फांदी काठावर वळविली आहे, पण शास्त्रीय रूपात फरक केलेला नाही. प्रत्येक नगाच्या मागे वनस्पतीचे लॅटिन नाव लिहिलेले आहे. शाळेतील शिक्षकांनी या गोष्टीकडे अवश्य लक्ष द्यावे. आपल्या रानातील प्रत्येक काडीला नाव आहे आणि ती चित्र काढण्याच्या योग्यतेची आहे, हा धडा येथे राजाच्या ताटात वाढलेला आहे. मूळ संचातील सुमारे दीड हजार नग आजही शिल्लक असून त्यांतील काही कोपनहेगनच्या रोझेनबोर्ग राजवाड्यात पाहावयास मिळतात. १८६३ मध्ये राजकन्या अलेक्झांड्रा हिचा इंग्लंडच्या युवराजाशी विवाह झाला. त्या वेळी या नमुन्याचा दुसरा संच तयार करण्यात आला. तेव्हापासून मागणीप्रमाणे ही भांडी होत आली आहेत.

पडता काळ आणि पुनरुज्जीवन

राजाश्रय होता म्हणून सारे सुरळीत चालले, असे मात्र नाही. १८०७ मध्ये इंग्रजी आरमाराने कोपनहेगनवर तोफा डागल्या, त्यात कारखान्याचेही नुकसान झाले. १८१३ मध्ये डेन्मार्कचे सरकारच दिवाळखोरीत निघाले. १८६८ मध्ये हा राजेशाही कारखाना खाजगी मालकीत गेला आणि १८८२ मध्ये अ‍ॅल्युमिनिया नावाच्या दुसऱ्या कारखान्याने तो घेतला.

येथे एक जाणता माणूस लाभला. १८८५ मध्ये आर्नल्ड क्रोग या वास्तुविशारदाकडे कलाविभागाची सूत्रे आली. त्याने जुना निळा नमुना पुन्हा प्रतिष्ठेस आणला आणि झिलईखालील रंगकामाला डेन्मार्कच्या समुद्राचे, धुक्याचे, पक्ष्यांचे नवे विषय दिले. १८८९ च्या पॅरिस येथील जागतिक प्रदर्शनात या कामाला सर्वोच्च पारितोषिक मिळाले. १८५३ मध्ये स्थापन झालेल्या ‘बिंग आणि ग्रोंडाल’ या प्रतिस्पर्धी कारखान्याने १८९५ पासून दर नाताळला एक नवी निळी बशी काढण्याचा प्रघात पाडला. वर्ष संपताच तिचा साचा मोडून टाकीत. रॉयल कोपनहेगननेही १९०८ पासून अशा बशा काढल्या. सामान्य कुटुंबांच्या भिंतींवर या बशा वर्षावर्षाने साठत गेल्या. १९८७ मध्ये हे दोन्ही कारखाने एक झाले.

परंपरेला नवे पाणी कसे द्यावे, याचे उदाहरण अगदी अलीकडचे आहे. कारेन केल्गोर-लार्सन ही अभिकल्पाची विद्यार्थिनी. तिने जुन्या निळ्या नमुन्यातील एखादेच फूल वा वेल घेऊन ती मोठी करून ताटाच्या एका बाजूस मांडली. बाकीची जागा तिने कोरी सोडली. २००० मध्ये कारखान्याने ही भांडी बाजारात आणली आणि तरुण पिढीने ती उचलून धरली. रंग तोच, कुंचला तोच, हातानेच काढलेली रेषाही तीच. केवळ पाहण्याची दृष्टी नवी होती.

जी काळी मडकी टिकली नाहीत

बंधूंनो, राजवाड्याशेजारच्या कलेची ही कथा ऐकून आपण संतुष्ट होऊ नये. त्याच देशात जटलंड द्वीपकल्पावरील खेड्यांतल्या स्त्रिया शतकानुशतके काळी मडकी करीत असत. चाक न वापरता, मांडीवर फळी घेऊन, नुसत्या हाताने त्या मडके घडवीत आणि गुळगुळीत दगडाने घोटीत. मग ते धुरावर वाळवून, मातीच्या ढेकळांनी झाकलेल्या भट्टीत भाजीत. धूर कोंडल्यामुळे मडके काळेभोर होई. फेरीवाले ही मडकी जर्मनी-हॉलंडपर्यंत नेऊन विकीत. पुढे घरोघरी लोखंडी शेगड्या आल्या, उघड्या चुली गेल्या, बिडाची आणि एनॅमलची भांडी स्वस्त झाली. विसाव्या शतकाच्या आरंभापर्यंत हा व्यवसाय जवळजवळ संपला. त्या हजारो स्त्रियांपैकी कोणाचीही खूण मडक्याच्या पाठीवर नाही.

मधल्या प्रकारचीही उदाहरणे आहेत. नेस्टवेड गावी १८३९ मध्ये सुरू झालेल्या केलर यांच्या कारखान्यात गाईच्या शिंगात पातळ रंगीत माती भरून, टोकाला लावलेल्या पिसाच्या नळीतून ती भांड्यावर सोडीत आणि नक्षी काढीत. हे खेड्यातील कुंभारांचे जुने तंत्र कारखान्याने उचलले, म्हणून ते पुढे आले. बॉर्नहोल्म बेटावर १८५९ मध्ये हिओर्थ कुटुंबाने सुरू केलेली कार्यशाळा आज चालते संग्रहालय आहे. त्याच बेटावर १९९७ मध्ये काच आणि मृत्तिकाकाम शिकविणारी शाळा निघाली. २०१७ मध्ये जागतिक हस्तकला परिषदेने बॉर्नहोल्मला ‘जागतिक हस्तकला प्रदेश’ म्हणून मान्यता दिली. शाळा, कार्यशाळा आणि संग्रहालय ही तिन्ही एका ठिकाणी आली, तर लहान बेटही आपली कला राखू शकते.

काम परदेशी गेले तेव्हा

शेवटी एक अवघड गोष्ट सांगितली पाहिजे. एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकापासून रॉयल कोपनहेगनच्या बहुतेक भांड्यांचे उत्पादन टप्प्याटप्प्याने थायलंडमध्ये हलविण्यात आले. डेन्मार्कमधील मजुरी परवडत नाही, हे कारण. २०१३ मध्ये कंपनीही फिनलंडच्या एका उद्योगाने विकत घेतली. फ्लोरा डॅनिकाचे काम डेन्मार्कमध्ये राहिले. पण १,१९७ फटकाऱ्यांचे निळे ताट आता बहुतांशी थाई कारागिरांच्या हातून उतरते.

यावर दोन मते होऊ शकतात. कोपनहेगनच्या ज्या कारागीर स्त्रियांनी उमेदवारी करून हे कसब मिळविले, त्यांच्यामागे ते घेणारे हात त्यांच्या गावात राहिले नाहीत. ही हानी खरी आहे. दुसरीकडे, थायलंडमधील ज्या मुलीने तीच पाकळी त्याच कष्टाने शिकून घेतली, तिच्या हाताला आपण खोटे कसे म्हणावे? ही फुले तरी मुळात डेन्मार्कची कोठे होती? ती चीनहून आली होती. माझे स्वतःचे मत असे की, कला हातात राहते आणि नाव कागदावर राहते. कंपनीने नाव राखले, नमुना राखला, हाताने रंगविण्याची शिस्तही राखली. गाव आणि कला यांचे नाते मात्र तिला राखता आले नाही, कारण ते राखण्याचे बंधन तिच्यावर कोणीच घातलेले नव्हते.

आपण काय ध्यानात घ्यावे

आपल्याकडे भौगोलिक निर्देशनाचा कायदा २००३ पासून अमलात आहे. पैठणी, वारली चित्रकला, कोल्हापुरी चप्पल यांची त्याखाली नोंदणी झालेली आहे. येथे नाव एका मालकाचे नसून त्या प्रदेशाचे आहे, ही मोठी जमेची बाजू होय. पण नोंदणीचे प्रमाणपत्र कोणाला चार वर्षे काम शिकवीत नाही आणि कोणाची मजुरीही वाढवीत नाही. ते काम माणसांनाच करावे लागते.

डेन्मार्कच्या अनुभवातून मला तीन गोष्टी घेण्यासारख्या वाटतात. पहिली, शिकण्याच्या काळात पोटाची सोय. ज्याला आजची रोजी बुडवून शिकावे लागते, तो दोन महिन्यांत काम सोडतो. दुसरी, वस्तू रोजच्या वापरात राहिली पाहिजे. निळे ताट टिकले ते कपाटात ठेवण्यासाठी नव्हे. आजीच्या संचातील फुटलेल्या ताटाच्या जागी नातीला त्याच नमुन्याचे नवे ताट मिळते, म्हणून ते टिकले. तिसरी गोष्ट कोणत्याही अनुदानाशिवाय उद्यापासून होऊ शकते. आपल्या गावातील संस्थेकडून बाहेर जाणाऱ्या प्रत्येक वस्तूवर करणाऱ्याची खूण असावी. रांजणाच्या बुडाशी असो, टोपलीच्या काठाला असो वा लुगड्याच्या पदराआड असो. खूण असली की गिऱ्हाईक नाव विचारते, नाव कळले की काम चांगले करण्याची जबाबदारी वाढते, आणि मजुरीचा हिशोब लपविणे अवघड होते.

ही बशी रंगविणाऱ्या व्यक्तीला मी कधी पाहिलेले नाही. ती कोपनहेगनची होती की थायलंडची, हेही मला या खुणेवरून सांगता येत नाही. पण तिचा हात मला ओळखता येतो. जटलंडच्या त्या मडकेवालीच्या वाट्याला एवढेही आले नाही. आपल्या गावातील कुंभारणीच्या आणि विणकराच्या वाट्याला ते यावे, एवढी विनंती करून मी आपली रजा घेतो.